नियम भिंतीवर हाय

बाईंच्या शाळेत कुठल्याही नियमाला कुणीही ‘कामून?’ विचारू शकत असे. कामून म्हणजे का, कशासाठी. आमच्या भागात लेकरं बोलायला लागली की आधी हाच शब्द उचलतात, आणि शाळेत घातलं की आठ दिवसांत टाकून देतात. बाईंच्या शाळेत तो टाकू दिला जात नसे.

मी रुजू झालो त्या सकाळीच हे पाहिलं. हातात नेमणुकीचा आदेश घेऊन मी दारात उभा होतो. आत दुसरीतलं एक पोर उभं राहून बाईंना विचारत होतं, ‘बाई, चपला भायेर तोंड करून कामून ठिवायच्या?’

बाई म्हणाल्या, ‘भूकंपाचा मुलूख हाय आपला. पळायची येळ आली तर पटकन पायात जाव्यात मनून.’

पोरानं डोकं खाजवलं. ‘पण भूकंप आल्यावर चपला घालत कोन बसतंय?’

सगळी शाळा हसली. बाईही हसल्या. मग त्यांनी फडकं ओलं केलं, मागच्या काळ्या भिंतीपाशी गेल्या आणि खडूनं लिहिलेला नववा नियम पुसून टाकला. वळून मला म्हणाल्या, ‘या सर. तुमच्या समोरच एक गेला. बेस झालं. मलाबी तो पटत न्हवताच.’

आदेश त्यांनी नंतर बघितला. आधी मला भिंतीसमोर उभं केलं आणि उरलेले सगळे नियम मोठ्यानं वाचायला लावले. सत्तावीस वर्षांचा मी, डी.एड. झालेला, पात्रता परीक्षा पास होऊन कितीतरी वर्षं भरतीची वाट बघितलेला. आणि चाळीस लेकरांसमोर उभा राहून वाचतोय, ‘पाण्याला आणि लघवीला विचारायचं नाही. उठायचं आणि जायचं.’ मागून कुणीतरी खुसखुसलं. मनात म्हटलं, ही बाई वेडी आहे.

मी लातूरचा. आमच्या गावात पोरं गुणांवर वाढतात. नोकरी लागेपर्यंत मी एका शिकवणीत शिकवायचो, तिथं टेबलावर पट्टी असायची आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. शिस्त म्हणजे शांतता, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. आणि ही शाळा देगलूर तालुक्यातल्या एका टोकाच्या गावात. चार वर्ग, दोन शिक्षक, एक लांब खोली आणि तिच्या मधोमध आडवं लावलेलं लोखंडी कपाट. कपाटाच्या अलीकडे माझी पहिली-दुसरी, पलीकडे बाईंची तिसरी-चौथी. तेलंगणा इतका जवळ की पोरं घरात तेलुगू बोलायची, काही कन्नड, काही दखनी, आणि भांडताना सगळ्या एकदम.

बाई उदगीरच्या, दुकानदाराच्या घरच्या. ठेंगणी, भरीव बाई. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गुडघे दुखायचे म्हणून पायात कॅनव्हासचे बूट आणि त्यावर सुती लुगडं. गावात स्कुटीवर यायच्या. ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यांचे वडील किराणा विकायचे, आणि बाईंचं निम्मं शहाणपण त्या दुकानातलं होतं. म्हणायच्या, ‘सर, गिऱ्हाईकाला जो तराजू, तोच दुकानदाराला. न्हाईतर त्याला दुकान मनत न्हाईत.’

म्हणून भिंतीवरचा प्रत्येक नियम शिक्षकांनाही लागू होता. हे मला पटायला फार दिवस लागले.

नियमांखाली नावं असायची. ज्या लेकरामुळे तो नियम झाला त्याचं नाव. ‘शेवटचं ताट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही’, खाली एका मुलाचं नाव. तो सावकाश जेवायचा. बाकीची पोरं खिचडी खाऊन उठली की तोही निम्मं ताट टाकून त्यांच्यामागं पळायचा. तो कधीच पुढच्या शाळेत गेला होता, पण नियम राहिला होता. त्यामुळे रोज दुपारी आम्ही सगळे शेवटच्या घासापर्यंत पंगतीत बसून राहायचो. मला सुरुवातीला कंटाळा यायचा. नंतर त्या दहा मिनिटांत जेवढी पोरं मला कळली तेवढी वर्गात कळली नाहीत.

फक्त लघवीच्या नियमाखाली नाव नव्हतं. मी विचारलं तेव्हा बाईंनी आवाज खाली आणला. ‘एक पोर होती. घरात निसती तेलुगू. जाऊ का, हे मराठीत कसं इचारायचं तिला कळंना. बसली तशीच. झालं बाकावरच. आठ दिवस शाळंत आली न्हाई. आता सांगा, चूक तिची का इचारायला लावणाऱ्या माझी?’ आणि मग म्हणाल्या, ‘तिचं नाव न्हाई लिव्हायचं. ते मला ठावं हाय, तेवढं पुरे.’

दुसऱ्या एका नियमाची मला गंमत वाटायची. ‘हात उचलायचा नाही. उचलला तर ज्याला लागलं तो सांगेल ते करायचं. करेपर्यंत आपल्या जागेवर बसायचं नाही.’ शिक्षा मार खाणाऱ्यानं ठरवायची. मला वाटलं, पोरं भलतंच काहीतरी सांगतील. तसं व्हायचं नाही. एकानं सांगितलं होतं, आठ दिवस माझ्या शेळीला पाला आणायचा. एकीनं सांगितलं होतं, माझं दप्तर घरापर्यंत आणायचं आणि वाटेत गाणं म्हणायचं. मारणारा ते करायचा आणि तिसऱ्या दिवशी दोघं एकत्र हिंडताना दिसायचे.

मोबाईलचाही नियम होता. शाळेत ज्याचा फोन वाजेल त्यानं दारात उभं राहून सतराचा पाढा म्हणायचा. पहिल्या महिन्यात मी तो तीनदा म्हटला. एकदा बाईंचा वाजला. त्यांनी फळ्यावरचं गणित अर्धं सोडलं, दारात गेल्या, पाढा म्हटला, परत येऊन गणित पुढं चालू केलं. चेहऱ्यावर काही नाही. नळाखाली हात धुवून आल्यासारखं.

मग एके दिवशी तालुक्याहून साहेब तपासणीला आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण आपण साहेब आहोत हे त्यांना दर पाच मिनिटांनी आठवायचं. तिसरीच्या वह्या बघत असताना त्यांचा फोन वाजला. ते बोलले, फोन खिशात ठेवला आणि वर बघतात तर सगळा वर्ग त्यांच्याकडे बघतोय. चौथीतली एक मुलगी उभी राहिली. गंगामणी तिचं नाव, सगळे मणी म्हणायचे. काटकुळी, दोन घट्ट वेण्या, बोलायची कमी. तिनं हात लांब करून भिंत दाखवली. ‘साहेब, नियम भिंतीवर हाय.’

साहेबांनी वाचलं. बाईंकडे बघितलं. ‘मी तपासायला आलोय बाई, तपासून घ्यायला नाही.’

‘हाव साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘मग तुमच्या वाटचा मी मनते.’ आणि खरंच दारात जाऊन उभ्या राहिल्या. सतरा एके सतरापासून सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत, न थांबता. साहेब हातातली वही मिटून ऐकत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला कपाटाच्या फटीतून दिसत होत्या.

जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘वर्गातील शिस्तीबाबत मुख्याध्यापिकांनी अधिक गांभीर्य बाळगावे.’ आता शाळेबद्दल जे लिहिलं जाईल ते शाळेला वाचून दाखवायचं, हाही एक नियम होता. बाईंनी शेरा वाचून दाखवला. एका पोरानं विचारलं, ‘बाई, गांभीर्य मंजी?’

बाई म्हणाल्या, ‘हसू आलं तरी न हसणं.’

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, ‘बाई, साहेबांना उगं दुखावलंत. दोन वर्षांत रिटायर होणार तुम्ही. पेन्शनचे कागद त्यांच्याच टेबलावरून जाणार.’

‘जाऊ द्या की,’ बाई स्कुटीला किक मारत म्हणाल्या. ‘कागद हाय, उशिरा पोचला तर त्याचे पाय थोडेच दुखणार हायेत.’

मला रुजू होऊन दीड वर्ष झालं असेल. मी आता भिंतीकडे बघून हसत नव्हतो, पण मनानं पूर्ण इथला झालोही नव्हतो. लातूरला बदली मिळते का, याच्या मागे होतो. थोरला भाऊ तिथं कुणाकुणाला भेटत होता आणि मला फोन करत होता.

त्या बुधवारी मधल्या सुट्टीत अंगणावर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. पोरं नळावर हात धूत होती. भावाचा फोन आला. अर्ज भरायची मुदत संपत होती, कुठली तरी माहिती चुकली होती. मी बोलत बोलत स्वयंपाकाच्या शेडमागे गेलो. फाटकाकडे माझी पाठ होती.

पुढचं मी आधी ऐकलं. करकचून दाबलेला ब्रेक, आणि मग पोरांचा आरडाओरडा.

मी पळत आलो तेव्हा रस्त्यावर एक टेम्पो आडवा थांबला होता. त्याच्यापासून दोन हातांवर मणी उभी होती. शेडमधून बाई धावत गेल्या होत्या. रोजच्यासारखी खिचडी चाखून बघत होत्या त्या, हातही धुतला नव्हता. ज्या बाई शाळेच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला थांबायच्या त्या रस्त्यापर्यंत कशा पळाल्या कोण जाणे. त्यांनी मणीचा दंड धरला आणि खाडकन तिच्या तोंडात मारली.

‘मरायचं हाय का तुला? फाटकाभायेर गेलीस कशी?’

मणी रडली नाही. तिच्या गालावर हळदीची पिवळी बोटं उठली होती. आमची सगळी पोरं फाटकाच्या आत गजांना धरून उभी होती. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. टेम्पोवाला काहीतरी बोलत होता, ते त्यांना ऐकूच येत नव्हतं.

खिचडी झाल्यावर बाई वर्गात उभ्या राहिल्या. ‘आज बाईनं नियम मोडला,’ त्या म्हणाल्या. ‘गंगामणीवर हात उचलला. यव्वा, आता तू सांग. मी काय करू?’

मणी खाली बघत बसली. मायेनं बोलताना बाई पोरींना यव्वा म्हणायच्या.

‘सावकाश सांग. घाई न्हाई.’ बाईंनी आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि उरलेला दिवस उभ्यानं शिकवलं. सुटताना शाळेच्या नोंदवहीत लिहिलं: आज मी एका विद्यार्थिनीस मारले. खाली सही केली.

मी ते बघून हबकलो. ‘बाई, हे लिहू नका. कायद्यानं मारणं गुन्हा आहे. साहेब टपूनच बसलेत. कुणी तक्रार केलेली नाही, मणीचे वडील तर करणारच नाहीत. कशाला आपल्या हातानं?’

‘सर, गिऱ्हाईक कोन हाय ते बघून तराजूचा काटा हलत न्हाई.’

‘पण ती रस्त्यावर गेली होती. चूक तिचीही होती.’

हे मी बोललो. माझं मलाच ऐकू आलं. कारण मला एव्हाना माहीत झालं होतं. माझ्या वर्गातली एक चिमुरडी, पहिलीतली, मला सांगून गेली होती की गारेगारवाल्याची घंटा ऐकून ती फाटकाबाहेर गेली, आणि मणीताईनं तिला ओढून काठावर ढकललं, तशी ती घाबरून आत पळून आली. अंगणाची पाळी माझी होती. फोन माझा चालू होता. आणि मी गप्प होतो.

गुरुवारी मणी शाळेत आली नाही. बाई उभ्याच. शुक्रवारी ती आली, पण पाठ न टेकता बसली. बाईंनी दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. दुपारपर्यंत बाईंचे पाय सुजले होते, बुटांच्या नाड्या त्यांनी सैल केल्या होत्या. तिसरीतल्या एका मुलीनं खुर्ची ओढून आणली. ‘बाई, बसा की. आमी कुणाला सांगत न्हाई.’

‘कुणाला सांगायचं न्हाई मनून नियम नसतो ग माय,’ बाई म्हणाल्या आणि खुर्ची परत भिंतीला लावली.

कपाटाच्या अलीकडे बसून मी हे सगळं ऐकत होतो. त्या दोन रात्री मला नीट झोप लागली नाही, पण तोंड उघडायची हिंमत काही झाली नाही. मी कंत्राटावरचा माणूस. तीन वर्षं नीट गेली तरच कायम होणार. एक कागद विरुद्ध गेला की संपलं. असं मी स्वतःला सांगत होतो.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाल्यावर मणी आपणहून उठली.

‘बाई, सांगू?’

‘सांग, यव्वा.’

‘तुमी माझ्या घरी या. अन् नायनाला सांगा, माझी चूक न्हवती.’ नायना म्हणजे वडील. ‘नायना मनले, बाईनं मारलं मंजी तूच कायतरी केलं आसशील. अन् नायनानं बी मारलं. पट्ट्यानं.’

 पलीकडून बाईंचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. ‘रस्त्यावर कामून गेलतीस?’

‘पयलीतली छकुली गेलती. टेम्पो येत व्हता.’

‘मग बुधवारीच सांगायचं न्हाई का ग?’

‘तुमी मारून मग इचारलं,’ मणी म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. जसं झालं तसं.

मी उठलो. कपाटाला वळसा घालून पलीकडे गेलो. सगळे डोळे माझ्याकडे वळले. मी आयुष्यात बरीच भाषणं केली, त्यात हे सगळ्यात लहान: ‘त्या वेळी अंगणात मी असायला हवं होतं. मी फोनवर होतो. छकुली माझ्यामुळे बाहेर गेली. मला हे बुधवारपासून माहीत आहे.’

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता फोडून काढतील. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं सर, बोललात. मला वाटलं व्हतं, सोमवार उजाडंल.’ म्हणजे माझ्या फोनचं त्यांनाही कुठूनतरी कळलं होतं, आणि त्या माझी वाट बघत होत्या.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं निघालो. मणी पुढं, मधे बाई, मागे मी. मणीचे वडील गावातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. चौकात त्यांची पत्र्याची टपरी होती आणि तिथं नेहमी चार माणसं जमलेली असायची. ते जमिनीवर मांडी घालून एका जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरत बसले होते. बाईंना बघून उठायला लागले.

‘बसा, बसा. काम चालू द्या,’ बाई म्हणाल्या. स्वतः मात्र बसल्या नाहीत. ‘मी सांगायला आले. बुधवारी मी तुमच्या पोरीला मारलं.’

‘मारा की बाई. त्यात काय सांगायचं? मास तुमचं, हाडं आमची.’

‘मला मासबी नको अन् हाडंबी नको. मला लेकरू पाहिजे.’ जमलेली माणसं हसायला गेली आणि बाईंचा चेहरा बघून थांबली. ‘तिची चूक न्हवती. पयलीतली पोर टेम्पोखाली जात व्हती, हिनं वाचवलं. अन् मी न इचारता तिच्या तोंडात मारली. माझं चुकलं. तिच्यासमोर सांगते, तुमच्यासमोर सांगते, या चौघांसमोर सांगते.’

मीही माझं सांगितलं. 

मणीच्या वडलांनी हातातली तार खाली ठेवली नाही. बोटाला वेटोळं देत राहिले. ‘बाई, चहा घ्या,’ एवढंच म्हणाले.

‘चहा घेते. पण तुमीबी मारलंत.’

‘घरातलं घरात हाय, बाई.’

‘हाव. घर तुमचं, नियम तुमचा. मी माझा सांगायला आले.’

 त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, ‘निजमेना?’ खरंय का? मणीनं मान हलवली. ‘मग मला सांगितलं कामून न्हाई?’

‘तुमीबी इचारलं न्हाई, नायना.’

त्यांच्या हातातली तार सुटली आणि भराभर उलगडत खाली गेली. अर्ध्या दिवसाचं काम असेल. ती तार गोळा न करता ते उठले, पोरीजवळ गेले, आणि काय करावं न सुचून तिच्या वेणीची सुटलेली रिबन बांधायला लागले. तेलकट बोटांनी ती नीट बांधली जाईना. शेवटी मणीनंच बांधली. मग चहा आला. बाई तिथल्या पिंपावर टेकल्या. तीन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं बघितलं.

हे सगळं तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं, पण चौकातलं बोलणं तालुक्याला पोचायला किती वेळ लागतो? आठ दिवसांत साहेब आले. नोंदवही मागितली. ती सही त्यांना हवी तशी सापडली. मणीच्या वडलांना बोलावून म्हणाले, लेखी तक्रार द्या. वडील म्हणाले, ‘तक्रार कामून? बाईनं माफी मागितली. मीबी पोरीची मागितली. आता कुणाची राहिली?’

तरी नोटिसा निघाल्या, दोघांनाही. मी चार पानी खुलासा लिहायला घेतला. वाहतूक, फाटकाची अवस्था, शिक्षकांची कमतरता, सगळं त्यात घातलं. बाईंनी चार ओळी लिहिल्या. मुलीची चूक नव्हती, तिनं लहान मुलीचा जीव वाचवला, मी न विचारता मारलं, चूक माझी. त्यांचा कागद बघितल्यावर मी माझी चार पानं फाडली आणि चार ओळी लिहिल्या.

दोघांना लेखी ताकीद मिळाली. बाईंच्या सेवापुस्तकात तीस-बत्तीस वर्षांत आलेली ती पहिलीच. मला फार लागलं. मी म्हटलं, ‘बाई, अपील करू. जवळ रिटायरमेंट आणि हा डाग.’

‘डाग कसला?’ त्या म्हणाल्या. ‘खरं हाय ते. खरं लिव्हलेलं पुसायचं कामून?’

बदलीचा अर्ज मी भरला नाही. भावाला वाटलं, मुदत चुकली.

बाईंचा निरोपसमारंभ शाळेच्या अंगणात झाला. मांडव घातला होता, आख्खं गाव होतं, पुढच्या शाळेत गेलेली पोरं आली होती. मणीही आली होती. आता शेजारच्या गावच्या हायस्कूलला जायची, अर्धा हात उंच झाली होती. अध्यक्ष म्हणून तेच साहेब. सूत्रसंचालन माझ्याकडे. शाल झाली, नारळ झाला, साडीचोळी झाली. साहेबांनी भाषणात बाईंचं मनापासून कौतुक केलं. त्यांचा आवाजही थोडा कापरा झाला होता. शेवटी म्हणाले, ‘अशी निष्कलंक सेवा...’

‘न्हाई साहेब,’ बाई खुर्चीतूनच म्हणाल्या. ‘निष्कलंक न्हाई. एक ताकीद हाय.’

मांडवात हशा पिकला. साहेब कसनुसे हसले. ‘बाई, आज ते कशाला?’

‘शाळेबद्दल जे लिव्हलं ते शाळेला वाचून दाखवायचं ऱ्हायलंय. ती आली तवा सुट्ट्या लागल्या व्हत्या, अन् शाळा उघडली तवर मणी पुढच्या शाळंत गेलती. सरांकडं हाय कागद.’

होता. त्यांनी सकाळीच माझ्या खिशात घालून ठेवला होता, मला वाटलं पेन्शनचा असेल. मी तो साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी चष्मा लावला, कागदाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि मनातल्या मनात वाचल्यासारखं पुटपुटायला लागले.

मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून मणीचे वडील उभे होते. कामावरून तसेच आले होते, हात तेलकट. त्यांनी तिथून हाक दिली, ‘साहेब, मोठ्यानं वाचा. मागं ऐकू येईना. त्यात माझ्या पोरीचं नाव हाय.’

 साहेब उभे राहिले, माईक जवळ ओढला आणि सरकारी मराठीत, पण अगदी खणखणीत आवाजात वाचलं: ‘कुमारी गंगामणी या विद्यार्थिनीची कोणतीही चूक नसताना, किंबहुना तिने एका लहान विद्यार्थिनीचा जीव वाचविला असताना, आपण तिला मारल्याचे स्वतः लेखी मान्य केले आहे...’

नाव कानावर पडलं तशी मणी सवयीनं उठून उभी राहिली. सगळा गाव मान वळवून तिच्याकडे बघायला लागला. साहेबांनी पुढची ओळ, ‘सबब आपणास सक्त ताकीद देण्यात येत आहे’, ही कागदाकडे न बघता, पोरीकडे बघूनच म्हटली.

आधी मागच्या खांबापासून टाळी आली, मग बायकांतून, मग सगळा मांडव. बाई शाल सावरत बसल्या होत्या. सन्मानपत्र वाचलं तेव्हा त्या खाली बघत होत्या, शाल घातली तेव्हाही. ताकीद वाचून होईपर्यंत मात्र त्यांची मान ताठ होती.